फोडलेला दगड, कापलेला दगड

मोशी, चिखली, रावेत, वाकड, चाकण. या पट्ट्यातल्या कुठल्याही सोसायटीत सकाळी दहानंतर पाच मिनिटं उभे राहा. कुठल्यातरी मजल्यावरून एक कर्कश आवाज सुरू होतो, चढत जातो, मध्येच जड होतो आणि अचानक थांबतो. कुणाच्या तरी घरात दगड कापला जात असतो. कुणी गच्चीवर कोटा बसवत असतं, कुणी बाल्कनीत जैसलमेरचा पिवळा दगड, कुणी ओट्यावरचा जुना कडप्पा काढून ग्रॅनाइट. खिडकीतून पांढुरकी धूळ बाहेर येते. शेजारी दार लावून घेतात. कटर धरलेला मुलगा मात्र तोंडाला रुमाल बांधून त्याच धुळीत वाकलेला असतो.

हा आवाज आपल्या इतका सवयीचा झाला आहे की दगड कापणं ही फार नवी गोष्ट आहे, हे लक्षातच येत नाही. देशावरच्या मराठीत दगडासाठी असलेली क्रियापदं आठवून पाहा. दगड फोडतात, घडवतात, तासतात, त्याला टाकी लावतात. कापतात ते ऊस, कापड आणि भाजी. पुण्याभोवतीचा काळा दगड माणसाने दोन हजार वर्षं फोडला. तो कापायला लागून जेमतेम सत्तर वर्षं झाली आहेत. दगड फोडला की कपच्या उडतात. कापला की पीठ होतं. हा फरक साधा वाटतो, पण त्याचा हिशोब कुणाच्या तरी छातीत लिहिला जातो. म्हणून या पट्ट्यातल्या दगडाची गोष्ट क्रमाने सांगायला हवी.

थर नसलेला दगड

पिंपरी-चिंचवड ज्या खडकावर उभं आहे तो बेसॉल्ट आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांमधून लाव्हा वाहत राहिला, एकावर एक पसरत गेला आणि थंड झाला. त्यातून दख्खनचं पठार तयार झालं. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भागावर हा खडक पसरलेला आहे.

लाव्ह्याच्या या प्रवाहांमुळे सह्याद्रीला दुरून पायऱ्यांसारखा आकार दिसतो. पण एका प्रवाहाच्या आत, म्हणजे प्रत्यक्ष दगडाच्या पोटात, पानं नसतात. थंड होताना तो आक्रसतो आणि उभ्या-आडव्या भेगा पडतात. त्या भेगांतून मोठाले धोंडे सुटतात, पातळ पापुद्रे सुटत नाहीत. काही ठिकाणी लाव्ह्यातले वायूचे बुडबुडे तसेच राहिले. त्यांच्या पोकळ्यांत नंतर स्फटिक वाढले. विहिरी खोदणारे असल्या भुसभुशीत, ठिपक्याठिपक्यांच्या खडकाला मांजऱ्या म्हणतात. जगभरच्या संग्रहालयांत पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणीतले निळे कॅव्हन्साइट स्फटिक ठेवलेले आहेत, ते याच पोकळ्यांतले.

म्हणजे या दगडात दोन गुण आहेत आणि एक अडचण. तो भक्कम आहे, मुबलक आहे, पण त्याची फरशी होत नाही.

त्यामुळे इथल्या माणसांनी त्याचं दुसरंच काहीतरी केलं. सोमाटण्याजवळ घोरावडेश्वराच्या डोंगरात शेलारवाडीची लेणी आहेत. पिंपरी-चिंचवडच्या हद्दीपासून ती फार लांब नाहीत. आणखी पश्चिमेला भाजे, बेडसे आणि कार्ले. कार्ल्याचा चैत्य सुमारे ४५ मीटर खोल आणि १४ मीटर उंच आहे, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. हे सगळं लोखंडी छिन्नी आणि हातोड्याने झालं. दगड बाहेर काढून घर बांधण्याऐवजी दगडातच घर कोरलं. ज्या दगडाची पातळ पाटी निघत नाही त्याच्याशी वागायची ही एक उत्तम रीत होती.

दुसरी रीत म्हणजे धोंडे घडवून भिंती रचणं. चिंचवडला पवनेच्या काठी सतराव्या शतकातलं मोरया गोसावींचं समाधी मंदिर आहे. चाकणला संग्रामदुर्ग आहे. १६६० च्या उन्हाळ्याअखेरीस शाहिस्तेखानाने या भुईकोटाला वेढा घातला. फिरंगोजी नरसाळ्यांनी तो जवळजवळ दोन महिने झुंजवला. शेवटी ऑगस्टमध्ये मोगलांनी बुरुजाखाली भुयार खणून दारू ठासली आणि बुरुज उडवला. त्या भुयारी दारूला मराठीत सुरुंग म्हणतात. पुढे याच चाकण-मोशीच्या परिसरात खडीच्या खाणींत रोज जे स्फोट होऊ लागले, त्यांनाही सुरुंगच म्हणतात.

मग सामान्य माणसाच्या घरात दगड कुठे होता? जोत्यात होता. उंबऱ्याशी होता. पाटा-वरवंटा, जातं, उखळ आणि न्हाणीतली धोंड यांत होता. जमीन मात्र मुरूम-मातीची, धुमसलेली आणि दर काही दिवसांनी शेणाने सारवलेली. श्रीमंतांच्या चिरेबंदी वाड्यात चौकात दगड बसवलेला असे, पण तोही जाड आणि वजनदार. घरभर सपाट, पातळ, धुता येईल अशी दगडी जमीन ही इथल्या लोकांच्या कल्पनेतच नव्हती, कारण इथला दगड तशी देतच नव्हता.

टाकीचे लोक

काळा दगड फोडणं हे ताकदीचं काम वाटतं. ते त्याहून जास्त नजरेचं काम आहे. धोंड्याला त्याची स्वतःची एक रेघ असते. जाणता माणूस धोंड्याभोवती फिरतो, पाणी मारून पाहतो, हातोडीने ठोकून आवाज ऐकतो. खणखणीत आवाज आला तर दगड सलग. बद्द आवाज आला तर आत भेग आहे. मग एका ओळीत छिन्नीने खाचा पाडायच्या, त्यात लोखंडी पाचरी बसवायच्या आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आळीपाळीने घण मारत जायचं. प्रत्येक पाचरीवर सारखा ताण आला की दगड एकदम उकलतो. फुटलेली बाजू टाकीने सारखी करायची. शेवटी कडा गुण्यात आणायच्या.

हे काम करणारे लोक म्हणजे पाथरवट आणि वडार. वडार समाज दक्षिणेकडून, तेलुगू आणि कन्नड मुलखातून फिरत फिरत महाराष्ट्रात आला. त्यांची घरची बोली अजूनही तेलुगूशी नातं सांगते. त्यांच्यात कामावरून पोटनावं पडली. मातीकाम करणारे मातीवडार, गाड्यांवरून दगड वाहणारे गाडीवडार, जात्याला आणि पाट्याला टाकी लावत गावोगाव फिरणारे जातेवडार. किल्ले, घाट, विहिरी, तळी, धरणं, रस्ते यांतलं किती काम त्यांच्या हातचं आहे याची मोजदाद कुणी ठेवली नाही. इंग्रज सरकारने मात्र या फिरत्या लोकांची मोजदाद वेगळ्याच वहीत केली. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि देशभरातल्या अनेक भटक्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असल्याचा शिक्का बसू लागला. तो शिक्का स्वातंत्र्यानंतर, १९५२ साली पुसला गेला. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत वडारांचं नाव आहे ते त्या इतिहासामुळे.

‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही’ ही म्हण आपण परीक्षेतल्या मार्कांपासून स्टार्टअपपर्यंत कुठेही वापरतो. त्या म्हणीत दगडाचे घाव आहेत. टाकी धरणाऱ्या हाताचे, उडालेल्या कपचीने गेलेल्या डोळ्याचे घाव त्यात नाहीत.

रुळांवरून आलेली फरशी

१८५८ साली खंडाळा ते पुणे रेल्वे सुरू झाली आणि चिंचवडजवळून गाडी धावू लागली. घाटाचं काम अजून चालू होतं. बोरघाटात पंचवीस बोगदे पाडायचे होते. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये भारतात आल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि त्याची पत्नी अॅलिस हिने कंत्राट पुढे नेलं. कामाच्या भरात एका वेळी चाळीस हजारांवर मजूर घाटात होते. १८६३ मध्ये घाट खुला झाला. काळ्या दगडाशी माणसाने सुरुंगाच्या दारूने केलेली ही या भागातली सर्वांत मोठी झुंज.

आपल्या घरांच्या दृष्टीने मात्र जास्त महत्त्वाचा होता तो त्याच रेल्वेचा दुसरा फाटा, पुण्याहून सोलापूरमार्गे आग्नेयेला गेलेला. १८७१ मध्ये हा मार्ग रायचूरला मद्रासकडून आलेल्या रेल्वेला मिळाला. वाटेत गुलबर्ग्याच्या पुढे, तेव्हाच्या निजामाच्या राज्यात, शहाबाद नावाचं गाव लागतं.

शहाबादचा दगड बेसॉल्टपेक्षा पूर्ण निराळा. तो चुनखडक आहे. दख्खनचा लाव्हा वाहण्याच्या कितीतरी आधी, पन्नास कोटी वर्षांहून जुन्या काळात, तिथे समुद्र होता. त्याच्या तळाशी चुन्याचा बारीक गाळ थरावर थर बसत गेला. त्या गाळाचा खडक झाला तरी थर तसेच राहिले. त्यामुळे शहाबादच्या खाणीत दगड वहीच्या पानांसारखा सुटतो. पाचर थरांच्या मध्ये घाला, ठोका, आणि इंच-दीड इंच जाडीची सपाट पाटी हातात येते. पाटीच्या कडा सरळ करायच्या तेवढी छिन्नी लागते. जाडी निसर्गानेच ठरवून दिलेली.

देशावरच्या घरांची जमीन त्यामुळे बदलली. रेल्वेने आलेली ही करडी, कधी हिरवट, कधी पिवळसर झाक असलेली फरशी हळूहळू शाळांच्या व्हरांड्यांत, सरकारी कचेऱ्यांत, चाळींत, देवळांच्या सभामंडपांत आणि घरांच्या ओसरीत बसली. उन्हाळ्यात गार, पायाला किंचित खडबडीत, वर्षानुवर्षं वावरून गुळगुळीत झालेली. ‘फरशी’ म्हटलं की आपल्या आजी-आजोबांच्या डोळ्यांसमोर शहाबादीच येते. सारवणाची दर आठवड्याची मेहनत गेली, आणि ती मेहनत बहुतेक घरांत बायकांची होती.

शहाबादी फरशी बसवणारा गवंडीसुद्धा ती कापत नसे, मोडत असे. रेघ आखायची, रेघेवरून छिन्नी हलक्या हाताने पुन्हा पुन्हा फिरवायची, मग खाली आधार देऊन एक ठोका. कड थोडी दातेरी निघायची. सांध्यात सिमेंट भरलं की ते झाकलं जायचं. ‘शहाबादी सांधा’ रुंद असतो तो यामुळेच.

याच कुळातले आणखी काही दगड आपल्या घरात आहेत. आंध्रच्या कडप्पा जिल्ह्यातला काळा दगड ओट्यांसाठी आला आणि जिल्ह्याचं नावच वस्तूला मिळालं. तेलंगणातला तांदूर आणि राजस्थानातला कोटाही चुनखडकच. म्हणून लिंबाचा रस सांडला की कडप्प्याच्या ओट्यावर फिकट डाग पडतो आणि संडास साफ करायचं अॅसिड लागलं की शहाबादी फसफसते. आम्ल चुन्याला खातं.

१९५४

काही वर्षं अशी असतात की लांब लांब घडलेल्या गोष्टी पुढे एकाच ठिकाणी येऊन मिळतात. दगडाच्या बाबतीत ते वर्ष १९५४.

त्या वर्षी जर्मनीतल्या एका कारखान्याने हातात धरून चालवायचा विजेचा अँगल ग्राइंडर बाजारात आणला. कंपनीचं नाव फ्लेक्स. जर्मनीत आजही या यंत्राला सरसकट ‘फ्लेक्स’च म्हणतात. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत प्रचंड दाब आणि उष्णता देऊन कृत्रिम हिरा तयार झाला. आणि त्याच वर्षी पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. माळरानावर पेनिसिलिनचा कारखाना उभा राहिला आणि पिंपरीची औद्योगिक गोष्ट सुरू झाली.

हिरा स्वस्त झाल्यावर चकतीच्या कडेला हिऱ्याचे कण बसवणं परवडू लागलं. आज हार्डवेअरच्या दुकानात काहीशे रुपयांना मिळणारं ब्लेड याच युक्तीवर चालतं. चकतीच्या कडेवर धातूची पूड आणि हिऱ्याचे बारीक कण एकत्र दाबून भाजलेले असतात. हिरा दगड खरवडतो, भोवतीचा धातू झिजतो, जुना बोथट कण गळतो आणि खालून नवा कण वर येतो. दगड कडक असेल तर धातू मऊ लागतो, म्हणजे तो लवकर झिजून नवे हिरे पुढे आणतो. दगड मऊ पण वाळूसारखा चरचरीत असेल तर धातू कडक लागतो. कारागीर ‘ब्लेड मरलं’ म्हणतात तेव्हा बरेचदा हिरे संपलेले नसतात, ते धातूत दबून बसलेले असतात. मग वीट किंवा वाळूचा ब्लॉक कापून ब्लेडला पुन्हा धार आणतात. चार इंची कटर मिनिटाला दहा-बारा हजार फेरे घेतो. दगडाची रेघ ओळखायची गरजच उरत नाही. पेन्सिलने आखाल ती रेघ.

इकडे पिंपरी वाढत होती. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांची वसाहत आधीपासून होती. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली. आकुर्डीला बजाज, पिंपरीला टेल्को, भोसरीत शेकडो लहान शेड. १९७० मध्ये नगरपालिका, १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण, १९८२ मध्ये महानगरपालिका. १९९९ मध्ये चाकणला बजाजचा कारखाना सुरू झाला, २००९ मध्ये फोक्सवॅगन आली. २०११ च्या जनगणनेत महापालिका क्षेत्राची लोकसंख्या सव्वासतरा लाखांवर होती. या सगळ्यांना घरं लागली आणि घरांना काँक्रीट.

काँक्रीटला खडी लागते. मोशी, भोसरीच्या माळावर, वाघोलीत काळ्या दगडाच्या खाणी खोल खोल होत गेल्या. ज्या दगडातून लेणी आणि बुरुज झाले तो आता क्रशरमध्ये जाऊन ब्रासच्या हिशोबाने विकला जाऊ लागला. ब्रास म्हणजे खडीचे शंभर घनफूट. घडवलेल्या दगडाला कुणी विचारेना. पाट्याला टाकी लावणाऱ्याची हाक मिक्सर आल्यावर विरून गेली. टाकीचं कसब असलेल्या अनेक वडार कुटुंबांच्या हाती घण राहिला, खडी फोडण्यापुरता. पुण्याभोवतीच्या खाणींवर राहणाऱ्या या मजुरांच्या मुलांसाठी ‘संतुलन’ या संस्थेने खाणीवरच पाषाणशाळा चालवल्या, कारण शाळा त्यांच्यापासून लांब होती आणि खाण दाराशी.

म्हणजे आज तुमच्या फ्लॅटमध्ये इथला दगड आहे, पण तो भिंतीत आणि स्लॅबमध्ये, दिसणार नाही असा. दिसतो तो बाहेरून आलेला. मधल्या काळात सिमेंटच्या मोझॅक टाइल्स येऊन गेल्या, मग गुजरातेतल्या मोरबीच्या व्हिट्रिफाइड. आता पुन्हा लोकांना खरा दगड हवा आहे. कोटा, कडप्पा, शहाबादी यांची नावं इंटिरियरच्या कॅटलॉगात मोठ्या टायपात छापली जातात. दगड परत आला, पण तो टाकीने नाही, कटरने बसतो.

पिठाचा हिशोब

टाकीनेही धूळ उडायची, यात शंका नको. १७०० साली इटलीतल्या रामाझ्झिनी या डॉक्टरने कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला, त्यात पाथरवटांच्या खोकल्याची आणि दम्याची नोंद आहे. पण छिन्नीने दगडाच्या कपच्या निघतात आणि धूळ त्यातला एक भाग असते. ब्लेडने रेघेएवढा सगळा दगड धूळच होतो. त्यातले सर्वांत बारीक कण डोळ्यांना दिसत नाहीत. केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाहूनही ते लहान असतात, त्यामुळे नाकात-घशात न अडकता फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात.

त्या कणांत क्वार्ट्झ, म्हणजे स्फटिकी सिलिका असेल तर शरीर त्याचं काही करू शकत नाही. फुप्फुसातल्या पेशी कणाला गिळायला जातात आणि मरतात. तिथे व्रण तयार होतो. व्रण वाढत जातो, फुप्फुस ताठ होतं. हा सिलिकोसिस. तो बरा होत नाही, काम सोडल्यावरही वाढू शकतो, आणि क्षयाची शक्यता वाढवतो. १९९७ मध्ये कर्करोगावरच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने कामाच्या जागी श्वासातून जाणारी स्फटिकी सिलिका माणसाला कर्करोग करणारी म्हणून जाहीर केली.

फोडण्यातून कापण्याकडे गेल्यावर काय होतं, याचं आपल्या शेजारचं उदाहरण मध्य प्रदेशातल्या मंदसौरचं आहे. पाटीवर लिहायच्या दगडी पेन्सिली तिथे तयार होत. विजेवर चालणाऱ्या करवतींवर त्या कापणारे मजूर तरुणपणीच सिलिकोसिसने आजारी पडले आणि अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने त्यांची तपासणी केली. आपल्या आधीच्या पिढ्या ज्या पेन्सिलीने ‘ग म भ न’ गिरवायला शिकल्या, त्यांतल्या कितीतरी त्या धुळीतून आल्या. राजस्थानने २०१९ मध्ये सिलिकोसिसग्रस्तांसाठी स्वतंत्र धोरण आणलं. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून ओट्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या कृत्रिम क्वार्ट्झ दगडावर बंदी घातली, कारण तो कापणारे तिशी-चाळिशीतले कामगार आजारी पडत होते.

सगळे दगड सारखे घातक नसतात, आणि इथे दगडाचा इतिहास कामाला येतो. शहाबादी, कोटा, कडप्पा हे चुनखडक आहेत. त्यांत सिलिका तुलनेने कमी असते. आपल्या काळ्या बेसॉल्टमध्ये मोकळा क्वार्ट्झ जवळजवळ नसतो. ग्रॅनाइटमध्ये मात्र साधारण पाव हिस्सा किंवा जास्त क्वार्ट्झ असतो. वालुकाश्म, म्हणजे धोलपूरसारखा सँडस्टोन, मुख्यतः क्वार्ट्झच. आणि ‘क्वार्ट्झ टॉप’ म्हणून विकला जाणारा कृत्रिम दगड बहुधा नव्वद टक्क्यांच्या आसपास सिलिका घेऊन येतो. जुन्या पिढीने परवडतो म्हणून कडप्पा बसवला. आपण तो काढून जे बसवतो, त्यात कापणाऱ्याला जास्त धोका आहे.

कायद्याची नजरही या मुलावर पडत नाही. बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली कायदा झाला तेव्हा स्वतःच्या राहत्या घराची दहा लाखांपर्यंतची कामं त्यातून वगळली होती. मोठ्या साइटवर निदान तपासणीची शक्यता असते. बाराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये चार दिवसांच्या कामाला कोण येणार? तिथे मालक, देखरेख करणारा आणि नियम घालणारा, सगळं तुम्हीच असता.

मग घरात दगड कसा कापायचा?

उत्तर जुनंच आहे: पाणी. ब्लेडवर पाण्याची धार पडत राहिली तर धुळीचा बराच भाग उडायच्या आधीच चिखल होतो. ब्लेड गार राहतं, जास्त टिकतं, दगडाची कड कमी तुटते. हे प्रत्येक कारागिराला माहीत असतं. तरी तो सुकं कापतो, आणि त्याची कारणं खरी असतात. पाणी आणि वीज एकत्र म्हणजे शॉकची भीती. चिखलाखाली आखलेली रेघ दिसेनाशी होते. बसवलेल्या फरशीवर डाग पडतात, ड्रेनेज तुंबतं, सोसायटी ओरडते. आणि काम फुटाच्या दराने ठरलेलं असतं, तासाच्या नाही. पाण्यात जाणारा वेळ त्याच्या खिशातून जातो.

म्हणून ‘मास्क लाव रे’ एवढं सांगून भागत नाही. पाण्याची सोय असलेला कटर किंवा खाली ट्रे असलेलं टेबल कटर वापरायचं ठरवा. साध्या ग्राइंडरवर बाटलीने पाणी ओतणं धोक्याचं आहे. ज्या प्लगवर यंत्र लावाल त्या लाइनला ईएलसीबी आहे ना, हे आधी तपासा. कापायची जागा खोलीत नको, गच्चीवर किंवा खाली मोकळ्यावर द्या. चिखल बादलीत निवळू द्या आणि खालचा गाळ सुकवून राडारोड्यात टाका, मोरीत ओतू नका. तोंडाला रुमाल नाही, नीट बसणारा एन-९५ मास्क द्या. रुमाल बारीक कण अडवत नाही.

स्वतः एखादी फरशी कापून पाहायची असेल तर शहाबादी किंवा कोटा घ्या. रेघेवर कागदी टेप चिकटवा आणि टेपवर आखा, म्हणजे रेघ टिकते. फरशीला खालून सगळीकडे आधार द्या. एका दमात आरपार जाऊ नका, आधी दोन-तीन मिलिमीटरची खाच पाडा आणि मग दोन-तीन फेऱ्यांत खोल जा. शेवटचे दोन इंच उलट बाजूने कापत या, नाहीतर कोपरा मोडतो. नळासाठी किंवा खांबासाठी आतला कोपरा काढायचा असेल तर आधी त्या कोपऱ्यात ड्रिलने भोक पाडा. काटकोनात ताण साठतो आणि तिथूनच भेग पळते. गोल भोकात तो पसरतो. आणि जिथे सांधा रुंद चालेल, अंगणात किंवा पार्किंगमध्ये, तिथे गवंड्याला विचारून पाहा: छिन्नीने मोडून देणार का? वयस्क गवंड्यांच्या हातात हे कसब अजून आहे. शहाबादीची दातेरी कड वाईट दिसत नाही.

काम ठरवताना आपण कोटेशन घेतो. त्यात दगडाचा दर असतो, मजुरी असते, लोडिंग-अनलोडिंग, पॉलिश, कधीकधी चहापाणीही असतं. त्यात एक ओळ वाढवा: ‘सर्व कटिंग पाण्यात, त्यासाठी फुटामागे इतके जादा’. किती ते दोघांनी बसून ठरवा. हजार फुटांच्या घरात ही रक्कम एखाद्या फॅन्सी दिव्याच्या किमतीत बसेल. मोठा ठेकेदार ती ओळ स्वतःहून घालणार नाही, आणि कटर धरणारा मुलगा मागू शकणार नाही, कारण त्याला उद्याचंही काम हवं आहे. ती ओळ घालू शकतो तो फक्त घरमालक.